टॅव्हर्न नसलेल्या गावाला दंड

१६५६ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या विधिमंडळाने एक कायदा केला. ज्या गावात टॅव्हर्न चालत नसेल त्या गावाला दंड होणार होता. हा कायदा करणारे लोक प्युरिटन पंथाचे, म्हणजे अत्यंत कडक धर्माचरणाचे. रविवारी काम केले तर शिक्षा, प्रार्थनेला दांडी मारली तर शिक्षा, पत्ते आणि फासे निषिद्ध. दारू पिऊन झिंगणे त्यांच्या लेखी पाप होते आणि गुन्हाही होता. अशा लोकांनी गावोगाव दारू मिळण्याची जागा असलीच पाहिजे असा हट्ट का धरावा?

मराठी वाचकाला हे कोडे जास्तच अवघड वाटेल. आपल्याकडे ‘टॅव्हर्न’ म्हटले की गोव्यातल्या गावातली दोन बाकांची, फेणीच्या बाटल्या मांडलेली छोटी खोली डोळ्यांसमोर येते. तो शब्द गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आला आणि अमेरिकेत इंग्रजांबरोबर गेला. दोन्हींचे मूळ लॅटिन ‘टाबेर्ना’ या एकाच शब्दात आहे. पण सतराव्या-अठराव्या शतकातल्या अमेरिकी वसाहतींमधली टॅव्हर्न ही निव्वळ दारू विकण्याची जागा नव्हती. धर्मशाळा, खानावळ, तबेला, टपालघर, चावडी, कोर्ट आणि लिलावघर ही सारी कामे एका छपराखाली आणली, तर तिची कल्पना येते. वसाहतीच्या कारभाराला तिची इतकी गरज होती की ती नसली तर कारभार अडत असे.

अंतर, थंडी आणि रात्र

१७०० च्या सुमारास इंग्रजांच्या उत्तर अमेरिकी वसाहतींमध्ये मिळून अडीच लाखांच्या आसपास लोक राहत होते, आणि तेही अटलांटिक किनाऱ्याच्या लांबच लांब पट्ट्यावर विखुरलेले. दोन वस्त्यांमध्ये जंगल, दलदल आणि पूल नसलेल्या नद्या. घोड्यावरचा माणूस चांगल्या रस्त्याने दिवसाला तीस-चाळीस मैल कापे, वाईट रस्त्याने त्याच्या निम्मेच. म्हणजे प्रवासाला निघालेल्या माणसाला रोज संध्याकाळी छप्पर, जेवण आणि घोड्यासाठी चारा लागणार, हे ठरलेलेच. हिवाळ्यात उघड्यावर रात्र काढणे म्हणजे मरणाला बोलावणे.

हा प्रश्न दोनच प्रकारे सुटू शकत होता. एक तर सरकारने ठिकठिकाणी सरकारी सराया बांधायच्या. पण वसाहतींच्या तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. दुसरा मार्ग म्हणजे गावातल्याच एखाद्या कुटुंबाला परवाना देऊन त्याच्या घराचे सराईत रूपांतर करायचे. केवळ जेवण आणि बिछाना विकून त्या कुटुंबाचे भागले नसते, कारण रोज पाहुणे येत नसत. दारूविक्रीचा हक्क मिळाला की गावचे लोकही गिऱ्हाईक होत आणि व्यवसाय बारमाही चाले. दारूचा नफा हा प्रवाशाच्या निवाऱ्याचा खर्च भरून काढणारा आधार होता. १६५६ च्या कायद्याचे कोडे इथे सुटते. दंड होता तो प्रवाशाला निवारा न ठेवल्याबद्दल.

या जागांना सुरुवातीला ‘ऑर्डिनरी’ असे नाव होते. ठरावीक वेळेला, ठरावीक दरात, सगळ्यांना सारखेच मिळणारे जेवण असा त्या शब्दाचा अर्थ. बॉस्टनमधली पहिली ऑर्डिनरी सॅम्युएल कोल याने १६३४ साली, म्हणजे शहर वसल्यावर चार वर्षांत उघडली.

थंडीने टॅव्हर्नला आणखी एक काम दिले. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि त्याच्या शेजारच्या वसाहतींमधल्या प्रार्थनागृहांत शेगडी किंवा चूल नसे. रविवारी सकाळी आणि दुपारी अशी लांब प्रवचनांची दोन सत्रे होत. दूरवरच्या शेतांवरून आलेली कुटुंबे मधल्या वेळात घरी जाऊन परत येऊ शकत नसत. ती शेजारच्या टॅव्हर्नमध्ये जाऊन विस्तवाजवळ बसत, काही गरम पीत आणि दुपारच्या प्रवचनाला परतत. म्हणूनच प्रार्थनागृह आणि टॅव्हर्न यांच्या इमारती अनेक गावांत एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर दिसतात. गावसभा असो, रस्त्याच्या समितीची बैठक असो किंवा मयताच्या मालमत्तेची वाटणी, लोक गारठलेल्या सभागृहापेक्षा पेटती चूल असलेली खोली निवडत.

ऱ्होड आयलंड वसाहतीत तर विधिमंडळच टॅव्हर्नमध्ये भरे. न्यूपोर्टमधली व्हाइट हॉर्स टॅव्हर्न ही १६५२ साली बांधलेली इमारत, १६७३ पासून टॅव्हर्न. वसाहतीची स्वतंत्र कचेरी १७४० च्या सुमारास उभी राहीपर्यंत तिथे विधिमंडळाच्या आणि न्यायालयाच्या बैठका होत. व्हर्जिनियात कौंटीचे कोर्ट महिन्यातून एकदा भरे. त्या दिवशी वादी, प्रतिवादी, साक्षीदार, सावकार, घोडे विकणारे असे सारेच कोर्टासमोरच्या टॅव्हर्नमध्ये जमत. आपल्याकडच्या आठवडे बाजाराला तालुक्याच्या कचेरीची तारीख जोडली तर जे दृश्य होईल, तसे ते होते.

परवान्याची कळ

या व्यवस्थेची खरी कळ परवान्यात होती. ती समजायला रेशन दुकान आठवावे. दुकान खाजगी माणसाचे, पण काय विकायचे, कोणत्या भावात, कोणाला आणि कोणत्या वेळेत, हे सरकार ठरवते. टॅव्हर्नचे तसेच होते. परवाना एका वर्षाचा असे. अर्जदाराला जामीन द्यावे लागत, चारित्र्याची शिफारस लागे आणि पाहुण्यांसाठी बिछाने, घोड्यांसाठी तबेला व चारा आहे हे दाखवावे लागे.

व्हर्जिनियात कौंटीचे न्यायाधीश दरवर्षी भावपत्रक ठरवत. रमचा भाव, मदेरा वाइनचा भाव, गरम जेवणाचा, थंड जेवणाचा, रात्रीच्या बिछान्याचा, घोड्याच्या चाऱ्याचा, सारे त्यात असे. हे पत्रक बैठकीच्या खोलीत सहज वाचता येईल असे लावणे बंधनकारक होते. यामागचे कारण साधे आहे. वीस मैलांत एकच टॅव्हर्न असेल तर पावसात भिजलेल्या प्रवाशाला घासाघीस करता येत नाही. जिथे स्पर्धा नाही तिथे भाव सरकारने बांधून द्यायचा, ही समजूत तिथे तेव्हापासूनची आहे.

दुसऱ्या बाजूने पिणाऱ्यावरही बंधने होती. मॅसॅच्युसेट्सच्या सतराव्या शतकातल्या कायद्याप्रमाणे एका वेळी एका माणसाला अर्ध्या पिंटपेक्षा, म्हणजे साधारण पाव लिटरपेक्षा जास्त वाइन द्यायची नाही, अर्ध्या तासाहून जास्त वेळ पीत बसू द्यायचे नाही आणि रात्री नऊनंतर तर नाहीच. प्रवाशांना यातून सूट असे. नेहमी झिंगणाऱ्यांची नावे गावाचे पंच टॅव्हर्नमध्ये लावत, म्हणजे ‘मला ठाऊक नव्हते’ असे मालकाला म्हणता येऊ नये.

यातून दारूविषयीची प्युरिटनांची भूमिकाही कळते. बॉस्टनचे धर्मोपदेशक इन्क्रीज मॅथर यांनी १६७३ साली दारुड्यांविरुद्ध कडाडून प्रवचन छापले, पण पेय ही देवाचीच निर्मिती आहे, सैतानाचे काम तिच्या अतिरेकात आहे, असेच त्यांचेही म्हणणे होते. त्यामुळे कायद्याचा रोख दारूवर नव्हता, तिच्या मापावर होता. आणि माप पाळायला लावायचे तर पिणे सगळ्यांसमोर, एका ठरलेल्या, जबाबदार घरात व्हायला हवे. टॅव्हर्न ही त्या अर्थाने पाळत ठेवण्याची जागाही होती.

प्रत्यक्षात हे नियम किती पाळले गेले? मोठ्या शहरांत फारसे नाहीत. अठराव्या शतकात बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया ही बंदरे वाढली, परवान्यांची संख्या भराभर वाढली आणि अर्ध्या तासाची मर्यादा कागदावरच राहिली.

आत गेल्यावर

दारावर नावापेक्षा चित्र मोठे असे. घोडा, ड्रॅगन, द्राक्षांचा घड, राणीचे मस्तक. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ‘हिरव्या ड्रॅगनपाशी भेटू’ हे समजे. आत मोठी खोली, मोठी चूल, लांब टेबल आणि एका कोपऱ्यात लाकडी गजांचा पिंजरा. या पिंजऱ्यात बाटल्या, पेले आणि हिशेबाची वही असे. रात्री वरून जाळी खाली ओढून तो बंद करत. आजच्या ‘बार’चे हे त्या काळचे रूप.

हिशेबाची वही महत्त्वाची, कारण वसाहतींमध्ये रोख नाण्यांचा कायम तुटवडा होता. लोक उधारीवर पीत आणि धान्य, तंबाखू, कातडी, नाहीतर मजुरी देऊन खाते फेडत. कोणाकडे किती बाकी आहे, कोणाचे पीक बुडाले, कोणाच्या शब्दावर विसंबता येईल, हे मालकाइतके गावात कोणालाच ठाऊक नसे.

झोपण्याची सोय मात्र आजच्या माणसाला धडकी भरवील अशी होती. पैसे खोलीचे नसत, पलंगाचेही नसत, पलंगावरच्या जागेचे असत. एस.टी.च्या बाकावर आपण सरकून तिसऱ्याला जागा देतो, तसे पलंगावर सरकून अनोळखी माणसाला जागा द्यावी लागे. सप्टेंबर १७७६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन अॅडम्स हे इंग्रज नौसेनापतीशी बोलणी करायला निघाले होते. न्यू ब्रन्सविक इथल्या सराईत गर्दी इतकी होती की स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या या दोघांच्या वाट्याला एकच पलंग आला. खोलीला एक लहान खिडकी. अॅडम्सना रात्रीच्या हवेची भीती, ते खिडकी लावायला गेले. फ्रँकलिननी ती उघडी ठेवायला लावली आणि सर्दी थंड हवेने होत नाही, कोंदट हवेने होते, यावर व्याख्यान सुरू केले. ते ऐकता ऐकता आपल्याला झोप लागली, असे अॅडम्सनी आत्मचरित्रात नोंदवले आहे.

बॉस्टनच्या सारा केंबल नाइट या बाईंची रोजनिशी याहून जुनी आणि याहून बोलकी आहे. १७०४ च्या ऑक्टोबरात त्या घोड्यावरून न्यूयॉर्ककडे निघाल्या. वाटाड्या कधी टपालवाला, कधी भाड्याने घेतलेला माणूस. एका मुक्कामी पलीकडच्या खोलीत दारू पीत बसलेली मंडळी ‘नॅरागॅन्सेट’ या प्रदेशाच्या नावाची व्युत्पत्ती काय यावर रात्री उशिरापर्यंत कडाक्याने भांडत होती आणि बाईंना झोप येईना. वाईट जेवण, कडक बिछाना, उद्धट यजमानीण यांबद्दल त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. त्या काळी एकट्या बाईने केलेला हा प्रवास शक्य झाला तो वाटेवर ठरावीक अंतराने परवानाधारक घरे होती म्हणूनच.

तिसरी साक्ष अॅनापोलिसचे डॉक्टर अलेक्झांडर हॅमिल्टन यांची. पुढे अर्थमंत्री झालेला हॅमिल्टन वेगळा. हे डॉक्टर १७४४ साली मेरीलँडहून उत्तरेला प्रवासाला गेले. फिलाडेल्फियाच्या एका टॅव्हर्नमध्ये ते जेवायला बसले तेव्हा एका लांब टेबलाभोवती पंचवीस माणसे होती. स्कॉट, इंग्रज, डच, जर्मन, आयरिश. कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, मेथॉडिस्ट, मोरावियन आणि एक यहुदी. युरोपात यांतल्या अनेकांच्या पूर्वजांनी एकमेकांची रक्ते सांडली होती. इथे ते एकाच भांड्यातले वाढून घेत राजकारणावर बोलत होते. टॅव्हर्नने घडवलेला हा बदल तिच्या सगळ्या कामांत मोठा म्हणावा लागेल.

पेल्यात काय होते

पाण्यावर फारसा विश्वास नव्हता. रोजच्या पिण्यात घरगुती हलकी बिअर आणि सफरचंदाची आंबवलेली सायडर असे, मुलांनासुद्धा. टॅव्हर्नमध्ये मात्र राज्य होते रमचे. रम काकवीपासून होते. कॅरिबियन बेटांवर साखर तयार करताना उरणारी काकवी जहाजांनी न्यू इंग्लंडच्या बंदरांत येई आणि तिथल्या भट्ट्यांमध्ये तिची रम होई. अमेरिकी क्रांतीच्या आधी वसाहतींमध्ये अशा शंभराहून अधिक भट्ट्या होत्या. ही काकवी गुलामांच्या श्रमातून आलेली होती आणि तिच्यापासून झालेल्या रमचा काही भाग आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पुन्हा माणसे विकत घेण्यासाठी जाई. टॅव्हर्नमधल्या स्वस्त पेल्याची किंमत कुठे चुकवली जात होती, हे सांगितल्याशिवाय तिचा इतिहास पुरा होत नाही.

*चौकट: पेयांची नावे*
*पंच: रम किंवा अरक, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला यांचे मिश्रण. मोठ्या वाडग्यातून सर्वांनी मिळून प्यायचे. पाच जिनसांमुळे भारतीय भाषांतल्या ‘पाच’वरून हे नाव पडले, असे मानणारे पुष्कळ आहेत.*
*टॉडी: गरम पाणी, रम, साखर. हा शब्द आपल्या ‘ताडी’चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या खलाशांबरोबर तो इंग्रजीत गेला आणि अटलांटिक ओलांडताना त्याचा अर्थ बदलला.*
*फ्लिप: बिअर, रम, काकवी किंवा साखर, कधी अंडे. त्यात चुलीत लाल केलेली लोखंडी सळई बुडवत. पेय फसफसून वर येई आणि त्याला करपट-गोड चव येई. आपल्याकडे ताकाला गरम दगडाची किंवा निखाऱ्याची धुरी देतात, त्याच जातीची ही युक्ती.*

दारू हे राजकारणाचेही वंगण होते. जॉर्ज वॉशिंग्टन १७५५ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाची निवडणूक हरले. १७५८ साली त्यांच्या बाजूने मतदारांना सुमारे १६० गॅलन रम, पंच, वाइन, बिअर आणि सायडर पाजण्यात आली आणि ते जिंकले. मते उघड, सर्वांसमोर द्यायची पद्धत होती. उमेदवाराने मतदाराचे आदरातिथ्य करणे अपेक्षितच होते आणि त्याचे बिल टॅव्हर्नवाल्याकडून येई.

बायकांच्या नावावर, गुलामांच्या हातांवर

वसाहतींमध्ये विवाहित बाईला स्वतःच्या नावावर करार करता येत नसे. तरी टॅव्हर्नच्या परवान्यांच्या यादीत बायकांची नावे वरचेवर भेटतात, आणि बंदरांच्या शहरांत तर पुष्कळच. त्यांतल्या बहुतेक विधवा. नवरा वारला की टॅव्हर्न चालवण्याचे सगळे ज्ञान बाईकडे असेच, कारण स्वयंपाक, धुणी, बिछाने, चोख हिशेब हे काम आधीपासून तीच करत आली होती. तिला परवाना दिला नाही तर ती आणि तिची मुले गावाच्या गरीब-निधीवर येणार. कोर्टाला दानापेक्षा परवाना स्वस्त पडे.

व्हर्जिनियाची तेव्हाची राजधानी विल्यम्सबर्ग इथल्या दोन नामांकित टॅव्हर्न बायकांच्याच होत्या. क्रिस्टियाना कॅम्पबेल यांच्याकडे वॉशिंग्टन नेहमी जेवत. जेन व्होब यांची किंग्ज आर्म्स १७७२ साली सुरू झाली आणि तिथे प्रतिष्ठित जमीनदार उतरत.

याच जेन व्होब यांच्या टॅव्हर्नमध्ये गोवन पॅम्फ्लेट नावाचा गुलाम राबत होता. दिवसा पाहुण्यांची ताटे उचलायची आणि इतर वेळी गावाबाहेर गुलामांना धर्मोपदेश करायचा. पकडला गेला तर चाबकाचे फटके होते. त्याने उभी केलेली कृष्णवर्णीयांची बाप्टिस्ट मंडळी १७९३ साली डोव्हर बाप्टिस्ट संघात दाखल झाली आणि त्याच वर्षी तो स्वतंत्र झाला. हक्क आणि स्वातंत्र्य यांबद्दलची चर्चा टेबलाभोवती चालू असताना वाढणारे लोक ती ऐकत होते, याचा हा पुरावा.

टॅव्हर्न ही ‘सार्वजनिक’ जागा होती असे म्हणताना त्या शब्दाची मर्यादाही इथेच दिसते. नोकर, शिकाऊ कारागीर आणि गुलाम यांना मालकाच्या परवानगीवाचून दारू देणे गुन्हा होता. मूळ रहिवाशांना विकण्यावर ठिकठिकाणी बंदी होती. विल्यम्सबर्गच्या रॅले टॅव्हर्नसमोर आणि फिलाडेल्फियात १७५४ साली उघडलेल्या लंडन कॉफी हाउससमोर माणसांचे लिलाव होत.

बातमी कशी फिरे

१६३९ साली मॅसॅच्युसेट्सने समुद्रापलीकडून आलेली पत्रे बॉस्टनमधल्या रिचर्ड फेअरबँक्स याच्या घरी ठेवायची असे ठरवले. दर पत्रामागे त्याला एक पेनी. हा फेअरबँक्स टॅव्हर्नवालाच होता. जहाजाचा कप्तान उतरल्यावर आधी कुठे जाणार हे सरकारने ओळखले आणि तिथेच टपाल नेऊन ठेवले. पुढे टपालवाले आणि घोडागाड्या टॅव्हर्नपाशी थांबू लागल्या.

१७०४ साली ‘बॉस्टन न्यूज-लेटर’ सुरू झाले आणि वर्तमानपत्रे टॅव्हर्नच्या टेबलावर आली. एक अंक, वाचता येणारा एक माणूस आणि ऐकणारे वीस. एरवी पुस्तक न उघडणाऱ्या शेतकऱ्यालाही लंडनच्या पार्लमेंटमध्ये काय चालले आहे हे अशा जाहीर वाचनातून समजे. लगेच त्यावर वाद होई, आणि दुसऱ्या दिवशी निघालेला प्रवासी तो वाद पुढच्या मुक्कामावर नेई.

पेल्यावरून बंडाकडे

१७६५ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्टँप अॅक्ट आणला. हा कर कशाकशावर होता ते पाहिले की टॅव्हर्नमध्ये संताप का उसळला हे कळते. वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर मुद्रांक, पत्त्यांच्या प्रत्येक कॅटवर एक शिलिंग, फाशांच्या जोडीवर दहा शिलिंग, न्यायालयाच्या कागदांवर मुद्रांक आणि दारूविक्रीच्या परवान्यावर मुद्रांक. त्याच्या आदल्याच वर्षी काकवीच्या आयातीवरील जकात नव्याने बांधून कडक वसुली सुरू झाली होती. म्हणजे टॅव्हर्नच्या टेबलावरच्या जवळजवळ प्रत्येक वस्तूवर लंडनने बोट ठेवले होते.

विरोध संघटित झाला तो याच खोल्यांत. त्याचे एक साधन होते ‘टोस्ट’. एकाने पेला उचलून एक वाक्य म्हणायचे आणि साऱ्यांनी ते उचलून धरत प्यायचे. आपल्याकडच्या जयघोषासारखाच हा प्रकार. ज्याला भाषण करता येत नाही तोही यात सामील होतो, आणि पेला न उचलणारा लगेच ओळखू येतो. ऑगस्ट १७६९ मध्ये बॉस्टनजवळ डॉर्चेस्टर इथल्या टॅव्हर्नच्या आवारात ‘सन्स ऑफ लिबर्टी’ या संघटनेचे साडेतीनशे लोक जेवायला बसले. तिथे ४५ टोस्ट झाले. ४५ हा आकडा मुद्दाम निवडलेला. राजाच्या कारभारावर टीका केल्याबद्दल इंग्लंडमध्ये जॉन विल्क्स यांच्या नियतकालिकाचा जो अंक गाजला, त्याचा तो क्रमांक. इतके टोस्ट होऊनही कोणी झिंगलेला दिसला नाही, अशी नोंद त्या जेवणाला हजर असलेल्या जॉन अॅडम्सनी केली.

अॅडम्सची साक्ष विशेष मोलाची आहे, कारण तरुणपणी ते टॅव्हर्नचे कडवे विरोधक होते. ब्रेनट्री या आपल्या गावात टॅव्हर्नची संख्या कमी करावी म्हणून त्यांनी खटपट केली होती. टॅव्हर्नवाले उधारीच्या जोरावर मते मिळवतात, ही त्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. पण १७७४ च्या सुमारास श्रूजबरी इथल्या टॅव्हर्नमध्ये विस्तवाजवळ बसलेले शेतकरी आपापसात बोलताना त्यांनी ऐकले. बॉस्टनच्या व्यापाऱ्याचा बंदरातला धक्का पार्लमेंट काढून घेऊ शकते तर उद्या आपले कोठार आणि घरही घेईल, असा तो हिशेब होता. घटनात्मक कायद्याचा मुद्दा शेतकऱ्याच्या भाषेत उतरला होता.

यानंतरच्या घटनांचे पत्ते पाहावेत. १७६९ मध्ये आणि पुन्हा १७७४ मध्ये गव्हर्नरने व्हर्जिनियाचे विधिमंडळ बरखास्त केले. दोन्ही वेळा सदस्य चालत रॅले टॅव्हर्नच्या अपोलो या दालनात गेले आणि बैठक पुढे चालू ठेवली. जून १७७२ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या सेबिन टॅव्हर्नमध्ये जमलेल्या लोकांनी चुलीवर बंदुकीच्या गोळ्या ओतल्या आणि त्याच रात्री ‘गॅस्पी’ ही ब्रिटिश गस्ती नौका जाळली. बॉस्टनच्या ग्रीन ड्रॅगनमध्ये कर लादलेला चहा घेऊन आलेल्या जहाजांविरुद्धची खलबते झाली. सप्टेंबर १७७४ मध्ये पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसचे, म्हणजे वसाहतींच्या संयुक्त परिषदेचे, प्रतिनिधी फिलाडेल्फियाच्या सिटी टॅव्हर्नमध्ये जमून मग सभागृहाकडे गेले. १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे लेक्सिंग्टनचे शेतकरी-शिपाई बकमन टॅव्हर्नमध्ये शेकत बसले होते. नगाऱ्याचा आवाज ऐकून ते बाहेर मैदानात गेले आणि स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक झाली. त्यांच्यापैकी आठ जण मेले.

टॅव्हर्नने क्रांती केली असे म्हणणे चूक ठरेल, राजनिष्ठांच्याही टॅव्हर्न होत्याच. पण परवाना देऊन सरकारनेच प्रत्येक गावात एक उबदार, सर्वांच्या ओळखीची, टपाल आणि वर्तमानपत्र येणारी खोली तयार करवली होती. सभागृहाला कुलूप लावणे गव्हर्नरच्या हातात होते. या खोल्यांना कुलूप लावले असते तर प्रवास, टपाल, न्याय सारेच थांबले असते.

जेवणाच्या टेबलावर जपलेला वारसा

स्वातंत्र्यानंतर टॅव्हर्नची कामे एकेक करून निघून गेली. कोर्टाला स्वतःची इमारत मिळाली, टपालाला कार्यालय मिळाले, मोठ्या शहरांत स्वतंत्र खोल्यांची हॉटेले झाली, रेल्वे आली आणि रस्त्यावरचे मुक्काम ओस पडले. दारूबंदीच्या चळवळीने उरलेली प्रतिष्ठाही गेली. ग्रीन ड्रॅगन पाडली गेली, सिटी टॅव्हर्न १८५४ साली पाडली, रॅले १८५९ मध्ये जळाली.

त्यातली काही घरे वाचली ती वारसा जपणाऱ्या संस्थांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत अशा संस्थांची लाट आली. ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही १८९० ची. अशा संस्थांचा ठरलेला कार्यक्रम म्हणजे जुन्या टॅव्हर्नमध्ये दुपारचे जेवण आणि त्यानंतर एखाद्या अभ्यासकाचे व्याख्यान. त्या जागेसाठी ही योग्यच पद्धत आहे, कारण एकत्र बसून जेवणे आणि बोलणे याच कामासाठी ती बांधलेली होती. रॅले टॅव्हर्न जुन्या चित्रांच्या आणि उत्खननाच्या आधारे १९३२ साली पुन्हा उभी राहिली, सिटी टॅव्हर्न १९७६ साली. मात्र अनेक वर्षे अशा ठिकाणी वॉशिंग्टनची खुर्ची दाखवली जाई आणि स्वयंपाकघरातल्या गुलामांचा उल्लेख नसे. गोवन पॅम्फ्लेटचे नाव आता विल्यम्सबर्गमध्ये सांगितले जाते, ही दुरुस्ती फार उशिरा झाली.

न्यूयॉर्कच्या फ्रॉन्सिस टॅव्हर्नची गोष्ट या सगळ्याला जोडते. १७१९ साली घर म्हणून बांधलेली ही इमारत सॅम्युएल फ्रॉन्सिस यांनी १७६२ मध्ये विकत घेऊन टॅव्हर्न केली. १७६८ साली न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांचे चेंबर ऑफ कॉमर्स तिथे स्थापन झाले. इंग्रज सैन्य शहर सोडून गेल्यावर ४ डिसेंबर १७८३ रोजी वरच्या लांब दालनात वॉशिंग्टननी आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला. त्यानंतर काही वर्षे नव्या देशाची परराष्ट्र, अर्थ आणि युद्ध ही तिन्ही खाती याच इमारतीत भाड्याने होती. शंभर वर्षांनी, १८८३ च्या डिसेंबरात, त्याच दालनातल्या मेजवानीत ‘सन्स ऑफ द रेव्होल्यूशन’ या संस्थेची फेरउभारणी झाली. १९०४ साली संस्थेने पडझड झालेली ती इमारत विकत घेतली, दुरुस्त केली आणि १९०७ मध्ये खुली केली. मूळ रूपाचे नकाशे हाती नसल्यामुळे त्या दुरुस्तीत अंदाजाचा भाग बराच आहे. वरच्या मजल्यावर आज संग्रहालय आहे आणि खाली अजूनही जेवण मिळते.